हिवाळ्यात नडग्या का खाजतात आणि घरी काय करावे

कोरडेपणामुळे सुटणारी खाज चेहऱ्याला, छातीला किंवा पाठीला लागण्याआधी बहुधा नडग्यांना लागते, आणि यामागे शरीररचनेचे सरळ कारण आहे. त्वचेला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथी डोक्यावर आणि चेहऱ्यावर दाटीने असतात, पाठीवर व छातीवर बऱ्यापैकी असतात आणि गुडघ्याखाली त्या अगदी विरळ होत जातात. म्हणजे नडगीची कातडी बाराही महिने तुटीच्याच हिशोबावर चालते. पावसाळ्यात हवेत ओल असते तोवर ही तूट कळून येत नाही. दिवाळीनंतर कोल्हापुरात पहाटेचा पारा उतरू लागला आणि दुपारची हवा कोरडी पडू लागली, की मात्र ती उघडी पडते. त्यातच लुंगी, साडी किंवा अर्ध्या विजारीत उघडा राहणारा पाय आणि पहाटे दुचाकीवर लागणारा बोचरा वारा यांची भर पडते. ‘अंग उलायला लागले’ अशी तक्रार आपल्याकडे ऐकू येते ती याच सुमारास, आणि कित्येक घरांत ती थेट मार्चपर्यंत टिकते.

कोरडेपणा ओळखण्याची खूण सोपी आहे. नडगीवर नखाने हलकी रेघ ओढली असता ती पांढरी उमटते आणि काही वेळ तशीच राहते. काळे मोजे उलटे करून झटकले तर आतून कोंड्यासारखा पांढरा भुगा पडतो. कोरडेपणा वाढला, की नडगीच्या पुढच्या बाजूला बारीक, जाळीदार भेगा दिसू लागतात. या भेगांच्या कडा लालसर असतात, आणि त्यांना साबण लागला की चुरचुरते. या अवस्थेला केवळ कोरडी त्वचा म्हणून भागत नाही. हा कोरडेपणातून उद्भवलेला इसब असतो आणि साठीच्या पुढच्या माणसांत तो फार आढळतो.

हे का घडते ते समजण्यासाठी त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची घडण पाहावी लागते. शरीराच्या बहुतेक भागांवर मृत, चपट्या पेशींचे साधारण १५ ते २० पदर एकमेकांवर बसलेले असतात आणि त्या सर्वांची एकत्रित जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकीच असते. पेशी आणि पेशी यांच्यामधली जागा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या तीन प्रकारच्या स्निग्ध द्रव्यांनी भरलेली असते. आपल्या भागात ही रचना समजावायला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याइतके नेमके उदाहरण सापडणार नाही. नदीपात्रात दगडी खांब बारमाही उभे असतात, पण पाणी अडते ते पावसाळ्यानंतर खांबांच्या खाचांत बसवलेल्या बरग्यांमुळे, म्हणजे आडव्या फळ्यांमुळे, आणि बरग्यांच्या दोन ओळींमध्ये दाबून भरलेल्या मातीमुळे. त्वचेतल्या पेशी हे खांब, आणि मधली स्निग्ध द्रव्ये हे बरगे व माती. बरगे सैल झाले किंवा माती धुऊन गेली, की खांब कितीही भक्कम असले तरी पाणी झिरपून जाते. त्वचेच्या बाबतीत हे पाणी आतून वर येऊन हवेत उडून जाते. घाम नसतानाही ही गळती अहोरात्र चालू असते, आणि निरोगी त्वचा ती मर्यादेत ठेवते एवढेच.

या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग उपचाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. बरगे घालायचे ते नदीला पाणी असतानाच, पात्र कोरडे पडल्यावर ते घालून काही साठत नाही. कोरड्या त्वचेला मुळात तेलाची नव्हे तर पाण्याची टंचाई असते आणि तेलाचे काम ते पाणी अडवण्याचे असते. त्यामुळे दिवसभर वाळलेल्या नडगीवर रात्री तेल चोळले, तर कातडी तेवढ्यापुरती मऊ व तुकतुकीत दिसते, पण अडवण्याजोगे पाणी तिथे फारसे उरलेलेच नसते. ‘तेल लावतो, तरीही खाजते’ ही तक्रार बहुतेक वेळा तेलाच्या प्रतीमुळे नव्हे, तर ते लावण्याच्या वेळेमुळे उद्भवते.

वरच्या थरातील पाण्याचे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या खाली गेले, की तो थर लवचीक राहत नाही. एरवी जुन्या पेशी एकेक करून, आपल्या नकळत गळून पडत असतात. हे गळणे घडवून आणणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) काम करण्यासाठी पाणी लागते. पाणी नसले तर पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटून राहतात आणि मग पापुद्र्यांच्या रूपाने निघतात. त्याच वेळी बारीक भेगांतून साबण, धूळ, लोकर असे बाहेरचे पदार्थ आत शिरतात, त्वचेत सौम्य दाह निर्माण होतो आणि वरच्या थराखालचे बारीक मज्जातंतू खाजेची सूचना मेंदूकडे धाडू लागतात. आपण खाजवतो आणि नखांनी उरलेसुरले आवरणही फाटते. मग गळती वाढते, आणि तिच्यामागोमाग खाजही. वर्षानुवर्षे एकाच जागी खाजवत राहिल्यास तिथली कातडी जाड, काळपट आणि चरबरीत बनते. पायाच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या थोडे वर असा चट्टा अनेकांना असतो आणि तो मूळ रोगापेक्षा नखांचाच परिणाम असतो.

रात्री खाज वाढते हा भास नाही. संध्याकाळनंतर त्वचेचे तापमान किंचित वाढते, त्वचेतून पाणी उडण्याचे प्रमाणही वाढते आणि दाह आवरणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक रात्री कमी असते. शिवाय मन गुंतवून ठेवणारे काम नसते. मेडिकलमधून आणलेली ‘खाजेची गोळी’ या खाजेवर फारशी का चालत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. ती गोळी हिस्टामिन या रसायनाचा परिणाम रोखते. पित्ताच्या गांधींमध्ये हिस्टामिनच मुख्य असते, म्हणून तिथे गोळीचा गुण येतो. निव्वळ कोरडेपणाच्या खाजेत त्याचा वाटा किरकोळ असतो आणि जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी जो आराम वाटतो तो बहुतांशी गुंगीचा असतो. वृद्धांना या गुंगीत रात्री उठताना तोल जाण्याचा धोका असतो, हे लक्षात ठेवावे.

आता मुख्य आरोपीकडे वळू. थंडीला सगळे बोल लावतात, पण माझ्या मते अधिक नुकसान न्हाणीघरात होते. बंबातले कडकडीत पाणी बादलीत घेऊन, अंगावरून वाफा निघेपर्यंत आंघोळ करणे हे थंडीतले मोठे सुख आहे आणि खाजणाऱ्या पायावर तसे पाणी ओतले की क्षणभर विलक्षण बरे वाटते, हेही खरे. परंतु गरम पाणी त्वचेतील स्निग्ध द्रव्ये मऊ करून सैल करते आणि पाठोपाठ लावलेला साबण ती धुऊन नेतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५ असतो. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात असतो. या अल्कधर्मी माऱ्यानंतर त्वचेला मूळ स्थितीवर यायला काही तास लागतात आणि आपण तोवर दुसरी आंघोळ किंवा हातपाय धुणे उरकलेले असते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर साबणाचा चिकट साका कातडीवर राहतो आणि तोही खाज वाढवतो. यावर कडी म्हणजे खरखरीत दगडाने किंवा प्लास्टिकच्या घासणीने नडगी खसाखसा घासण्याची सवय. टाचेची कातडी जाड असते, ती घासणे सोसते. नडगीची सोसत नाही. तिथला पांढरेपणा हा मळ नव्हे, आणि तो घासून काढला तर दुसऱ्या दिवशी दुपटीने दिसतो.

म्हणून घरगुती उपचाराची सुरुवात कशाने तरी चोळण्याने न करता आंघोळ बदलण्याने करावी. पाणी कोमट असावे. ते कोपराला गरम न लागता नुसते उबदार वाटावे. आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. साबण काखा, जांघा आणि तळपाय यांपुरता ठेवावा आणि चिखलात किंवा कारखान्यात काम नसेल त्या दिवशी नडगीला तो लावूच नये, नुसते पाणी पुरते. पंचाने पुसताना रगडू नये, टिपून घ्यावे आणि कातडी किंचित ओलसर असतानाच, म्हणजे साधारण तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. कपडे घालून, देवपूजा उरकून, चहा घेऊन मग सवडीने लावायचे ठरवले तर वेळ निघून गेलेली असते. यासाठी बाटली कपाटात न ठेवता न्हाणीघराच्या खिडकीतच ठेवणे हा साधा पण उपयोगी मार्ग आहे.

लावायचे काय, हा पुढचा प्रश्न. पाणी अडवण्याच्या कामात पेट्रोलियम जेलीची बरोबरी घरात मिळणाऱ्या कोणत्याही पदार्थाला करता येत नाही. ती स्वस्त असते, तिला वास नसतो आणि तिची ॲलर्जी क्वचितच होते. ती चिकट लागते हीच काय ती अडचण, म्हणून वाटाण्याएवढी घेऊन ओल्या पायावर पातळ पसरावी. खोबरेल तेल हाही चांगला पर्याय आहे, आणि हे केवळ आजीच्या अनुभवावरून म्हणावे लागते असे नाही. फिलिपाइन्समधील डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात पायांची त्वचा कोरडी असलेल्या ३४ जणांवर खोबरेल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली. दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावल्यावर दोन्हींचा गुण सारखाच आढळला. कोल्हापूरच्या थंडीत पहाटे खोबरेल बाटलीत गोठते, कारण ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होऊ लागते. बाटली कोमट पाण्यात उभी केली की पुरते, तेल विस्तवावर कढवण्याची गरज नाही. तिळाचे तेल ज्यांना मानवते त्यांनी ते वापरावे. ऑलिव्ह तेल मात्र महाग म्हणून गुणकारी असेल असे समजू नये. त्यात ओलेइक आम्ल भरपूर असते आणि हे आम्ल त्वचेतील स्निग्ध थराची घडी विस्कटते.

दिवाळीतल्या अभ्यंगाविषयी येथे सांगितले पाहिजे. आंघोळीपूर्वी तेल चोळण्याने साबणाचा आणि गरम पाण्याचा मारा काही प्रमाणात कमी होतो, हा त्याचा खरा फायदा आहे. परंतु नंतर उटणे आणि साबण लावून ते तेल पूर्ण काढून टाकले, तर आंघोळीनंतर पाणी अडवायला काहीच शिल्लक राहत नाही. आधीचे तेल ठेवायचे असल्यास ठेवावे, पण नंतरचा हात चुकवू नये.

ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. ते हवेतून व त्वचेच्या आतल्या थरांतून पाणी वर ओढते आणि त्यामुळेच कोरड्या हवेत निर्जळ, घट्ट ग्लिसरीन लावणे योग्य नव्हे. एक भाग ग्लिसरीन आणि दोन-तीन भाग पाणी किंवा गुलाबपाणी असे मिसळून ओल्या पायावर लावावे आणि त्यावरून थोडे तेल किंवा जेली फिरवावी. खवले फार धरत असतील तर ५ ते १० टक्के युरिया असलेले मलम उपयोगी पडते. तेही पाणी धरते आणि पापुद्रे मऊ करून सोडवते. मात्र भेगा असलेल्या जागी ते झोंबते, म्हणून आधी काही दिवस जेलीने भेगा भरू द्याव्यात.

दोन सूचना फारशा कोणी देत नाही. तळपायाला तेल लावून लगेच फरशीवर चालू नये. वयस्कर माणसे घसरून मांडीचे हाड मोडून घेतात आणि मग कोरड्या त्वचेचा विषय मागेच पडतो. दुसरी सूचना अशी, की तेल आणि जेली मुरलेले कपडे लवकर पेट घेतात. चुलीपुढे, बंबापाशी किंवा शेकोटीजवळ बसताना पातळ, तेलकट झालेले कापड पायावर नसावे. शेकोटीची धग नडगीला थेट घेणे हेही बरे नाही, त्याने कातडी आणखी वाळते आणि रोज घेतल्यास जाळीदार काळे डाग पडतात.

घरगुती म्हणून सांगितले जाणारे सगळेच निरुपद्रवी नसते. लिंबाचा रस भेगांना झोंबतो आणि तो लावलेला पाय उन्हात गेला तर फोड येऊन काळे डाग राहतात. तालमीच्या मातीत लिंबू, हळद आणि ताक घालतात म्हणून ते कोरड्या कातडीलाही चालेल, हा युक्तिवाद टिकत नाही. तिथे प्रश्न मातीचा असतो, इसब झालेल्या नडगीचा नव्हे. हळदीचा लेप काहींना सोसतो, पण काहींना त्याचीच ॲलर्जी होते. बेसनाचे उटणे तेल शोषून घेते, म्हणजे आपल्याला नको तेच करते. कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी कोरडेपणा घालवत नाही. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकणे तर उघड हानिकारक आहे. रॉकेल चोळण्याचा प्रकार खेड्यापाड्यांत अजूनही कानावर येतो, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. कोरफडीचा गर गार वाटतो आणि तो लावायला हरकत नाही, पण सालीलगतचा पिवळा चीक आधी निथळून जाऊ द्यावा. खाज अनावर झाली तर सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे गार पाण्यात भिजवून पिळलेला पंचा पाच-दहा मिनिटे पायावर ठेवणे आणि तो काढताक्षणी मलम लावणे. नखे कापलेली असावीत.

पथ्याविषयी आपल्याकडे फार बोलले जाते. अंगाला खाज सुटली की वांगे, अंडी, मटण बंद करा असा सल्ला मिळतो आणि तांबड्या रश्श्यावर विनाकारण आळ येतो. एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी उठत असतील तर तो सोडावा. निव्वळ कोरड्या नडगीचा आणि रश्श्याचा संबंध नाही. पाणी भरपूर पिण्याबाबतही तेच. शरीरात पाण्याची कमतरता असेल तर ते प्यायलाच हवे, परंतु रोज चार तांबे जास्त रिचवल्याने नडगीवरचा फुटका बंधारा दुरुस्त होत नाही. घोंगडे किंवा लोकरीचे पांघरूण मात्र खाज वाढवते. त्याच्या आत मऊ सुती चादर घ्यावी.

इतके सगळे नीट केले, तर एक ते दोन आठवड्यांत खाज बरीच कमी व्हायला हवी. त्वचेचा वरचा थर नवा यायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून बरे वाटले तरी हिवाळा संपेपर्यंत क्रम सोडू नये. दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर मात्र कारण वेगळे आहे का, हे पाहिले पाहिजे.

कारणे अनेक आहेत आणि त्यांतली काही या जिल्ह्यातील कामधंद्यांशी जोडलेली आहेत. इचलकरंजीत यंत्रमागावर, फौंड्रीत किंवा हॉटेलच्या भटारखान्यात तासन्‌तास उभे राहणाऱ्यांच्या पायांतील शिरा फुगतात, त्यांतील झडपा निकामी होतात आणि रक्त खाली साचून राहते. अशा पायाला संध्याकाळी सूज येते, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी होते आणि ती खूप खाजते. इथे खाजवून झालेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही, म्हणून तेलावर विसंबून न राहता शिरांचा उपचार करून घ्यावा. बसताना पाय उंचावर ठेवावेत आणि दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारूनच घालावेत, कारण पायातील धमन्या अरुंद झाल्या असतील तर त्या मोज्यांनी अपाय होतो. ऊसतोडीच्या दिवसांत पाल्याच्या धारदार कडांनी आणि त्यावरच्या बारीक लवेने नडग्या ओरखडतात. फडात उतरताना पाय झाकणारी विजार किंवा जुन्या कापडाच्या पट्ट्या हाच तिथे खरा इलाज आहे.

खाज पावलाच्या वरच्या बाजूला, नेमकी चपलेच्या पट्ट्याखाली असेल, तर चामडे किंवा डिंक यांच्या ॲलर्जीचा विचार करावा. बाजारातले बरेचसे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि अनेकांना त्याच क्रोमियमची ॲलर्जी असते. पारंपरिक कोल्हापुरी चप्पल, जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची असते, त्यामुळे हा विशिष्ट धोका तिथे कमी. नवी चप्पल चावते ती घासल्यामुळे. ते दुखणे वेगळे.

गोल, कडेला उठाव असलेला आणि पसरत जाणारा चट्टा हा बहुधा नायटा असतो. त्यावर मेडिकलमधून मिश्र मलम आणून लावणे ही मोठी चूक होय. त्यातल्या स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून फोफावते आणि चट्ट्याचे रूप इतके बदलते, की डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती यासाठीच. घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांना रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत व कमरेभोवती पुटकुळ्या असतील, तर ती खरूज समजावी आणि साऱ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यावा.

मधुमेहात मज्जातंतू अशक्त झाल्याने पायांना घाम कमी येतो व कातडी वाळते. तिथली एखादी भेग जंतुसंसर्गाला पुरेशी ठरते, म्हणून मधुमेह्यांनी रोज रात्री पाय उजेडात न्याहाळावेत. थायरॉइड मंदावणे, मूत्रपिंडाचा जुना विकार, यकृताचा विकार आणि शरीरात लोह कमी असणे यांमुळेही खाज येते. लघवीची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी यांनी काहींची त्वचा कोरडी पडते. अशा गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. लहानपणापासून नडग्यांवर खवले असतील आणि घरात इतरांनाही असतील, तर तो आनुवंशिक दोष असतो. तो जात नाही, पण युरियाच्या मलमाने आटोक्यात राहतो. फिकट किंवा लालसर, कोरडा चट्टा असेल आणि त्यावर कापूस फिरवलेला कळत नसेल, तर खाज नसली तरी तातडीने तपासावे. तो कुष्ठरोग असू शकतो आणि त्याचा पूर्ण उपचार सरकारी दवाखान्यांत विनामूल्य होतो.

भेगांतून पू किंवा पाणी येणे, ताप येणे, एकच पाय सुजून गरम होणे, पोटरी दुखणे, पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटणे, डोळे पिवळे दिसणे यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडे थांबू नये. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि आतापर्यंत लावलेल्या मलमांच्या ट्यूबा, संपलेल्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. त्या सकाळी पायाला काहीही न लावता जावे, म्हणजे कातडी जशी आहे तशी डॉक्टरांना पाहता येते.